कॉट्सवोल्डमधलं ‘लिस्टेड’ घर घेताय? आधी नोंद वाचा, मग भिंतीला हात लावा

विकाऊ घराच्या जाहिरातीत ‘ग्रेड टू लिस्टेड’ हे शब्द एजंट अशा थाटात छापतो, की जणू घराला पदकच मिळालंय. स्विंडनहून दर शनिवारी गाडी काढून आम्ही घरं बघत हिंडत होतो तेव्हा मलाही ते तसंच वाटायचं. नॉर्थलीचजवळच्या एका गावात अशाच दगडी घरात सात वर्षं काढल्यावर सांगतो: ही एक कायदेशीर नोंद आहे, जुनी महत्त्वाची इमारत जपायची म्हणून केलेली; तिच्यात बदल करायला परवानगी लागते. घर घेतलंत की ती तुमच्याकडे येते, आणि आधीच्या मालकांनी विनापरवाना काही उद्योग करून ठेवले असतील तर त्यांची निस्तरणीही तुमच्याच गळ्यात येते.

खाली लिहिलंय ते फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत. उदाहरणं मी ग्लॉस्टरशायरमधल्या कॉट्सवोल्ड जिल्ह्यातली घेतली आहेत, कारण तोच मला पायाखालचा आहे. सायरेन्सेस्टरला कचेरी असलेल्या या ग्रामीण जिल्ह्यात सुमारे पाच हजार लिस्टेड नोंदी आहेत आणि तब्बल 144 ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’, म्हणजे गावाचा अख्खा भागच्या भाग जपायचा म्हणून आखलेले पट्टे. इथं जुनं घर बघायला निघालात तर या दोन्हींतलं काहीतरी आडवं येणारच.

नोंद शोधा, पण घराच्या नावावर विसंबू नका

हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या संकेतस्थळावर देशभराची यादी फुकट बघता येते. लिस्टेड इमारतींच्या सुमारे 3 लाख 80 हजार नोंदी त्यात आहेत आणि प्रत्येकीला सात आकडी क्रमांक असतो. शोधताना नाव टाकू नका, नकाशा उघडा. कारण गावाकडच्या बऱ्याच नोंदी 1980 च्या दशकातल्या मोठ्या फेरपाहणीत झाल्या, आणि त्यानंतर ‘फार्महाउस’चं ‘मॅनर’ आणि ‘जुन्या बेकरी’चं ‘रोझ कॉटेज’ करण्याची हौस बऱ्याच मालकांनी भागवून घेतली आहे. नाव सापडलं नाही म्हणजे घर लिस्टेड नाही, असं समजून पुढे गेलेली माणसं मला माहीत आहेत.

नकाशावर आपल्या घराच्या आजूबाजूचे ठिपकेही उघडून बघा. धान्याचं कोठार, कबुतरखाना, कुंपणाची भिंत यांची वेगळी नोंद असू शकते. चर्चच्या आवारातली एकेक थडगी, रस्त्याकडेचा मैलाचा दगड, इतकंच काय, गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी 1935 मध्ये आरेखित केलेली लाल टेलिफोनची खोकीही यादीत असतात. उलट, कधी एकाच नोंदीत चार-पाच घरांची अख्खी ओळ मावलेली असते आणि मधल्या घराच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

नोंद वाचायची कशी

जुन्या नोंदी तारेच्या मजकुरासारख्या असतात. नमुना म्हणून मराठीत अशी: ‘घर. 17 वं शतक, 19 व्या शतकात बदल. ओबडधोबड दगडाची थरबंद भिंत, दगडी पातींचं (चपट्या दगडी कौलांचं) छप्पर. दोन मजले आणि माळा. दगडी उभ्या दांड्यांच्या खिडक्या, वर दगडी पागोळी-पट्टी. आतून पाहिलं नाही.’

यातला शेवटचा तुकडा नीट वाचा. ‘आतून पाहिलं नाही’ याचा अर्थ आतलं काही संरक्षित नाही असा लोक सर्रास लावतात. खरा अर्थ एवढाच, की पाहणी करणारा माणूस रस्त्यावर उभं राहून लिहीत होता आणि त्या दिवशी दार उघडलं गेलं नाही. हे वर्णन घर ओळखता यावं म्हणून लिहिलेलं असतं. काय जपायचं त्याची ती यादी नव्हे. नोंद झाली की इमारत आतून-बाहेरून, तळघरापासून धुराड्यापर्यंत सगळी संरक्षित. जिना, चूल, फळीची दारं, कडी-कोयंडे, आतला चुन्याचा गिलावा, सगळं. ‘फक्त पुढची बाजू लिस्टेड आहे’ असं एजंट तोंडानं सांगेल. ते लेखी मागा, म्हणजे विषय तिथंच संपेल. अलीकडच्या काही नोंदींत अमुक भाग संरक्षणातून वगळला आहे असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं. तसं लिहिलं असेल तरच ते खरं.

घराबरोबर आवारही येतं. मुख्य इमारतीच्या आवारात 1 जुलै 1948 च्या आधीपासून उभं असलेलं बांधकाम, नोंदीत त्याचा उल्लेख नसला तरी, बहुतेक वेळा संरक्षणात धरलं जातं. हा दिवस 1947 चा नगरनियोजन कायदा अमलात आला तेव्हाचा. आमच्या मागच्या अंगणात पडायला आलेली एक न्हाणीवजा खोली आहे. ती पाडून गाडी लावायला जागा करू, असं पहिल्याच आठवड्यात मी ठरवलं होतं. अजून उभी आहे.

ग्रेडचा गोंधळ

ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू असे तीन दर्जे. साधारण अडीच टक्के पहिल्यात, सहा टक्क्यांच्या आत दुसऱ्यात, उरलेल्या नव्वदच्या वर टक्के तिसऱ्यात. म्हणजे तुमच्या वाट्याला ग्रेड टूच येणार. मुंबईच्या 1995 च्या हेरिटेज नियमावलीत ग्रेड तीनपर्यंत उतरंड आहे आणि दर्जा खाली गेला की मोकळीक वाढते. तो हिशोब डोक्यात ठेवून इथं येऊ नका. इथं परवानगीचा कायदा तिन्ही दर्जांना एकच. ग्रेड वन आणि ग्रेड टू स्टारच्या अर्जात हिस्टॉरिक इंग्लंडलाही विचारलं जातं आणि छाननी जास्त कडक होते, एवढाच व्यवहारातला फरक.

दर्जा भपक्यावर ठरत नाही, हे बघायचं असेल तर एकाच दिवशी दोन ठिकाणं करा. सकाळी बिबरीची आर्लिंग्टन रो: 1380 च्या सुमाराला लोकर साठवायला बांधलेली इमारत, 17 व्या शतकात विणकरांच्या बुटक्या घरांत बदललेली. दुपारी मोरटन-इन-मार्शजवळचं सेझिनकोट: घुमट, छज्जे, मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानीच्या खिडक्या. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याचा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल यानं 1805 च्या सुमाराला बांधलेलं. बागेतल्या सूर्यमंदिरासाठी आणि पुलावरच्या नंदींसाठी सल्ला होता चित्रकार थॉमस डॅनिएलचा. हा तोच डॅनिएल, ज्यानं पुण्याच्या दरबारात 1790 मध्ये कंपनीचा रेसिडेंट मॅलेट आणि पेशवे यांच्यात झालेल्या तहाचं मोठं चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून 1805 मध्ये पुरं केलं. सवाई माधवरावांचा दरबार रंगवणारा हात इंग्लंडच्या कुरणात नंदी बसवत होता, हे आठवून मी त्या पुलावर जरा जास्तच रेंगाळतो. तर, विणकरांची ओळ आणि हा नवाबी थाट, दोन्ही ग्रेड वन.

पैसे देण्याआधी: नोंद हातात, नजर घरावर

माझ्या मते सगळ्यात मोलाचा टप्पा हाच, आणि लोक नेमका हाच गाळतात. नोंद छापून घ्या आणि घरभर तिच्याशी ताडत फिरा. नोंदीत तीन धुराडी आणि छपरावर दोनच? ‘शिशाच्या पट्ट्यांची तावदानं’ लिहिलंय आणि समोर दुहेरी काच? नोंदीत साधं स्वयंपाकघर आणि प्रत्यक्षात भिंत पाडून केलेला हॉल? मग जिल्हा कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या पत्त्याचे जुने अर्ज काढा आणि प्रत्येक बदलामागे परवानगी सापडते का बघा. जुने कागद ऑनलाइन नसतील तर वकिलाकरवी मागवा.

आम्ही हे केलं नाही. मागच्या भिंतीत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, एक प्लॅस्टिकची खिडकी होती. पांढरीशुभ्र, उघडझाप झकास. मला तर ती घरातली सगळ्यात सोयीची गोष्ट वाटली होती. दोन वर्षांनी दुसऱ्याच एका कामाचा सल्ला द्यायला कौन्सिलचा कॉन्झर्व्हेशन अधिकारी, म्हणजे जुन्या इमारतींची जपणूक बघणारा, आला. चहा घेता घेता त्याची नजर तिथं गेली आणि त्यानं कप खाली ठेवला. ‘ही कधी बसवली?’ मी म्हणालो, आमच्या आधीच्यांनी. ‘बरोबर,’ तो म्हणाला, ‘पण आता ती तुमची आहे.’

विनापरवाना बदल करणं हा 1990 च्या कायद्याखाली फौजदारी गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, अमर्याद दंड, किंवा दोन्ही. ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव चालत नाही. गुन्हा ज्यानं केला त्याचा, तुरुंगात तुम्ही जाणार नाही. पण ‘पूर्ववत करा’ ही नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते, आणि लिस्टेड इमारतीबाबत अशा कारवाईला कालमर्यादाच नाही. वीस वर्षांपूर्वीची खिडकीही चालते. आमची निभावली: ओकच्या चौकटीची खिडकी बसवायला रीतसर अर्ज केला आणि पदरचे पैसे घातले.

घर घेतानाच असं काही सापडलं तर तीन वाटा. विकणाऱ्याला सांगून परवानगी आणवून घ्या, किंवा ते दुरुस्त करून मागा, किंवा खर्चाइतका भाव पाडा. वकील चौथी वाट सुचवेल: इंडेम्निटी पॉलिसी. ती पैशाची जोखीम थोडी झाकते, खिडकी कायदेशीर करत नाही. शिवाय अशा पॉलिसीत बहुधा अट असते, की तुम्ही स्वतः कौन्सिलला कळवलंत तर विमा रद्द. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फोन करून मग पॉलिसी मागायला गेलात तर हात हलवत परत याल.

पाहणीसाठी साधा ‘होमबायर’ अहवाल पुरत नाही. तिसऱ्या पातळीचा, म्हणजे पूर्ण बिल्डिंग सर्व्हे घ्या, आणि सर्व्हेअर जुन्या चुन्याच्या इमारती बघणारा असावा. नाहीतर तो भिंतीला ओल मोजायचं यंत्र टेकवेल, यंत्र कुरकुरेल, आणि अहवालात ‘ओल रोखायला भिंतीत रासायनिक इंजेक्शन करा’ असं येईल. विमाही लिस्टेड घरं करणाऱ्या कंपनीचाच घ्या. घर जळालं तर ते दगडी पातींचंच पुन्हा बांधावं लागतं, आणि तो खर्च बाजारभावाशी जुळत नाही.

कशाला परवानगी लागते, कशाला नाही

सूत्र सोपं आहे: इमारतीचं वैशिष्ट्य ज्यानं बदलेल त्याला परवानगी. जसंच्या तसं, त्याच मालानं, त्याच पद्धतीनं डागडुजी केली तर लागत नाही. सरकलेली पात पुन्हा बसवली, कुजलेल्या चौकटीचा तळचा तुकडा त्याच लाकडानं जोडला, ही डागडुजी. अख्खी खिडकी नवी केली की तो बदल. आत भिंतीला रंग देणं साधारणपणे मोकळं. बाहेरचा उघडा दगड रंगवला तर परवानगी. आधुनिक स्वयंपाकघराची कपाटं काढून नवी बसवायला बहुधा कुणी अडवत नाही, पण त्यासाठी जुनी फळीची आडभिंत काढलीत तर अडवतील. डिश, सौर पत्रे, बाहेरचे दिवे, धुराच्या नळ्या: विचारा. दुहेरी काचेचं प्रत्येक घरात वेगळं ठरतं. जुनी काच आणि जुनी चौकट शाबूत असेल तर आतून दुसरी काच बसवणं, म्हणजे सेकंडरी ग्लेझिंग, सहज मंजूर होतं आणि थंडीवाऱ्याला खरंच उपयोगी पडतं.

शंका असेल तर कौन्सिलकडून सल्ला लेखी घ्या. या ‘प्री-अ‍ॅप’, म्हणजे अर्जाआधीच्या, सल्ल्याला शुल्क असतं, पण तो पैसा वाया जात नाही. काम परवानगीविना चालण्यासारखं आहे अशी खात्री असेल तर तसं प्रमाणपत्रही मागता येतं, आणि पुढे घर विकताना ते कामी येतं.

अर्ज

वर म्हटलेल्या परवानगीचं नाव ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’, आणि गंमत म्हणजे तिच्या अर्जाला फी नाही. खर्च नकाशांचा आणि माणसांचा. जागेचा नकाशा, आताचे आणि प्रस्तावित आराखडे, खिडकी-दाराचे बारीक तपशील मोठ्या प्रमाणात, आणि ‘हेरिटेज स्टेटमेंट’. हे शेवटचं म्हणजे घराचा निबंध नव्हे. तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: ज्या भागाला हात लावणार तो कधीचा आणि त्याचं महत्त्व काय, तुमच्या कामानं त्याचं काय होईल, आणि कमी नुकसानीचा दुसरा मार्ग का नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात रोमन काळापासूनचा जिल्ह्याचा इतिहास होता आणि खिडकीबद्दल दोन ओळी. अधिकाऱ्यानं तो हसत परत दिला.

वाढीव बांधकाम असेल तर प्लॅनिंग परमिशन वेगळी, तिला फी आहे. निर्णयाची मुदत आठ आठवडे. त्यात दारावर किंवा रस्त्यावर सूचना लागते आणि पॅरिश कौन्सिल, म्हणजे गावपातळीवरची कौन्सिल, आपलं मत कळवते. शेजाऱ्यांना सूचना लागायच्या आधी स्वतः जाऊन सांगा. आठ आठवड्यांचे बारा होणं मला नवीन राहिलेलं नाही, म्हणून कंत्राटदाराला तारीख देऊन बसू नका. परवानगीसोबत अटी येतात, उदाहरणार्थ ‘दर्जांचा, म्हणजे दगडांमधले सांधे भरण्याचा, नमुना भिंतीवर करून दाखवा, मग पुढे जा’. ती अट पुरी न करता काम उरकलं तर परवानगी असूनही ते बेकायदा ठरतं. काम साधारण तीन वर्षांत सुरू करावं लागतं; नकार आला तर सहा महिन्यांत अपील करता येतं.

छपराला हात लावणार असाल तर वटवाघळं आधी. ती आणि त्यांची बसायची जागा कायद्यानं संरक्षित आहे, रिकामी असली तरी. त्यांची संध्याकाळची मोजणी उन्हाळ्यातच होते. ऑक्टोबरात आठवण झाली तर पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबा.

चुना आणि दगडी पाती

आमच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला कुणीतरी केव्हातरी सिमेंटनं दर्जा भरल्या होत्या. आई साताऱ्याहून पहिल्यांदा आली तेव्हा सामान खाली ठेवायच्या आधी भिंतीला हात लावून म्हणाली, ‘अरे, हे सिमेंट कशाला फासलंय? भिंत आतून रडणार.’ तिच्या माहेरच्या वाड्याच्या भिंती चुन्याच्या. चुन्याच्या घाण्यावर मळलेला चुना तिनं लहानपणी पाहिलेला. मी सर्व्हेच्या अहवालातली चार पानं वाचूनही जे कळलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

कॉट्सवोल्डचा दगड म्हणजे मऊसर चुनखडी. भिंत दीड-दोन फूट जाड, दोन दगडी पाख्यांमध्ये खडी-मातीची भरती. पाणी आत शिरतंच. ते बाहेर पडायची वाट म्हणजे दर्जा. दर्जा दगडापेक्षा मऊ हवी, म्हणजे ओल तिच्यातून निघून जाते आणि झीज झालीच तर दर्जेची होते. सिमेंट कडक आणि बंद. मग ओल दगडातून वाट काढते, थंडीत गोठते, आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. आमच्या भिंतीत सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि मधले दगड वाटीसारखे खोल गेलेले होते. काढताना यंत्र लावू दिलं नाही. गवंड्यानं छिन्नी-हातोडीनं वीत-वीत काढलं. चुन्याचं काम थंडीत करू नका. तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर हात लावायचा नाही, आणि नव्या दर्जांवर ओलं तरटाचं पोतं टाकून त्या सावकाश सुकवायच्या. आमच्याकडे एप्रिल ते सप्टेंबर हाच हंगाम. ओलीसाठी कुणी इंजेक्शन सुचवलं तर आधी पन्हाळी बघा, आणि बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा वर चढली आहे का ते बघा. दहातल्या आठ वेळा खोड तिथंच असते.

छपराची पाती म्हणजे त्याच जातीच्या दगडाचे थर. पूर्वी खाणीतून काढलेला ओला दगड हिवाळ्यात उघड्यावर ठेवत. थंडीनं तो आपोआप थरांत फुटे. वळचणीला सगळ्यात मोठी पाती आणि आढ्याकडे लहान होत जाणारी, ओकच्या खुंट्यांवर टांगलेली. छप्पर उभट ठेवतात ते पाणी झटकन उतरावं म्हणून. नव्यानं करताना उतरवलेल्या पाती आकारानुसार रचून ठेवायला सांगा, चांगल्या परत वापरायला लावा, कमी पडतील तेवढ्याच आणा. सिमेंटच्या नकली पाती स्वस्त मिळतात. परवानगीत त्या बसत नाहीत, आणि शेजारच्या छपरावरून लगेच ओळखूही येतात.

पैशाचं थोडक्यात

खासगी ग्रेड टू घराला अनुदान मिळेल असं धरून चालू नका. लिस्टेड घरातल्या मंजूर बदलांवर पूर्वी व्हॅट माफ होता. ती सवलत 1 ऑक्टोबर 2012 पासून गेली, आता वीस टक्के. घर दोन वर्षं रिकामं पडलेलं असेल तर बऱ्याच कामांवर पाच टक्के लागू शकतो, तेव्हा रिकामेपणाचा पुरावा घर घेतानाच विकणाऱ्याकडून घ्या. फुकट मिळतो तो सल्ला: विल्यम मॉरिसनं 1877 मध्ये स्थापलेली ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज’ फोनवर तांत्रिक शंकांना उत्तरं देते. चुन्याच्या मिश्रणाबद्दल मी त्यांचं डोकं दोनदा खाल्लंय.

आणि एक वही करा. प्रत्येक कामाआधीचा आणि नंतरचा फोटो, मालाची पावती, परवानगीची प्रत, अटी पुऱ्या झाल्याचं पत्र, सगळं एकत्र. आमच्या वहीचं पहिलं पान त्या प्लॅस्टिकच्या खिडकीचं आहे. शेवटची नोंद गेल्या नोव्हेंबरातली: पन्हाळी साफ, पाती दोन सरकलेल्या, बसवल्या.